कोंड्याचा मांडा कोण करतं?

डॉक्टरताई, स. न. वि. वि.
माझं वय ४४, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. सहा वर्षांपूर्वी ५८ होतं. सांगलीजवळच्या गावात आमचं एकत्र कुटुंब आहे. मी आणि माझी जाऊ एकाच चुलीवरचं खातो. ती सकाळी शिळी भाकरी आणि ताक घेऊन रानात जाते, मी घरचं बघते. जेवताना ती माझ्यापेक्षा दोन घास जास्तच खाते, तरी ती काडीसारखी आणि मी अशी. पुण्याच्या भाच्यानं चौदा हजार रुपये भरून शौचाची तपासणी करून घेतली. तो म्हणतो, "मामी, तुझ्या आतड्यातले जीवाणूच वाईट असणार, म्हणून तुला हवासुद्धा अंगी लागते." गेल्या हिवाळ्यात सर्दी-खोकल्यासाठी दोनदा अँटिबायोटिक झाली, तेव्हापासून पोट फुगतं. तपासणी करू का? जीवाणूंच्या कॅप्सूल मिळतात त्या घेऊ, की विकतचं प्रोबायोटिक दही? दिवसभराचं खाणं खाली लिहिलं आहे.
– एक वाचक भगिनी

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही तळाशी बारीक अक्षरात कोंबला आहे. सकाळी दोन कप चहा आणि चार 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं. नऊला पोहे. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, तुरीचं वरण, वाटीभर भात. चारला चहा आणि तीन बिस्किटं. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, नाहीतर 'डाएट म्हणून' दोन ब्राउन ब्रेड. आणि कंसात: "पोळ्या मऊ होतात म्हणून पीठ बारीक चाळणीनं चाळते, कोंडा म्हशीला." त्या कंसापाशी मी बराच वेळ अडकले. तिकडे वळण्याआधी भाच्याचं बघू.

तो म्हणतो त्यात निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं मोठं मजेशीर आहे. अमेरिकेत सेंट लुई इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर वाढवतात, ज्यांच्या पोटात जन्मापासून एकही जीवाणू नसतो. हवा, पाणी, दाणा, सगळं निर्जंतुक. हे उंदीर भरपूर खाऊनही सडपातळ राहतात. २००४ मध्ये अशा उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जीवाणू सोडले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी साठेक टक्क्यांनी वाढली. खाणं मात्र उलट कमी झालं होतं. मग २०१३ मध्ये त्यांनी जुळ्या बहिणींच्या जोड्या शोधल्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा. दोघींचे जीवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. तुमच्या भाच्याच्या कानावर यातलंच काहीतरी आलेलं असणार.

पण या प्रयोगाचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (जेवणाआधी वाचत असाल तर माफ करा), त्यामुळे जीवाणूंची आपोआप देवाणघेवाण होते. सडपातळ बहिणीचे जीवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात शिरले, तिथे स्थिरावले, आणि त्या उंदरांची चरबी वाढायची थांबली. हे घडलं ते खाण्यात स्निग्धांश कमी आणि चोथा (म्हणजे फायबर) भरपूर असताना. तोच पिंजरा, तेच उंदीर, पण खाणं तुपकट आणि भाजी-फळं नसलेलं दिलं, तर हे चांगले पाहुणे आत टिकलेच नाहीत. त्यांना तिथे खायलाच काही नव्हतं.

आता माणसांकडे येऊ. सडपातळ माणसाचे जीवाणू कॅप्सूलमधून लठ्ठ माणसांना देऊन पाहिले गेले आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत अशा दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. दोन्ही छोट्या, प्रत्येकीत पंचवीसच्या आत माणसं. नवे जीवाणू आतड्यात पोचले, पण काटा हलला नाही. उंदराचं सगळं खाणं आपण मोजून देतो, त्याला बिस्किटाचा पुडा फोडता येत नाही. माणसाच्या वजनात अनुवंश, झोप, चालणं, पाळी जाण्याचं वय, मनाचा ताण आणि ताटात काय पडतं, हे सगळं असतं. जीवाणूंचा वाटा आहे, पण लहान.

किती लहान, त्याचा एक घरगुती हिशेब मांडू. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात जातो, तिथे जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून आपल्याला थोडी ऊर्जा मिळते. एका ग्रॅमला साधारण २ कॅलरी. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम चोथा खाल्ला, आणि तुमचे जीवाणू कितीही चिवट निघाले, तरी ६० कॅलरीच्या आसपास. तुमच्या चहाबरोबरच्या एका बिस्किटात तेवढ्या असतात. तुम्ही अशी सात खाता.

बिस्किटांवर मी विनाकारण डूख धरलेला नाही. २०१९ मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातून आलेलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे घरी करतो तसं. समोर मांडलेल्या जेवणात साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथासुद्धा कागदावर सारखा, हवं तेवढं खा म्हणून मोकळीक. पाकीटबंद खाण्याच्या पंधरवड्यात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. तुमच्या सात बिस्किटांची बेरीज ४५० च्या पुढे जाते. पुड्यावर 'डायजेस्टिव्ह' छापलेलं असलं तरी पोटाला ते वाचता येत नाही.

तर मग जीवाणूंना सोडून द्यायचं का? मुळीच नाही. तुमच्या कंसातला कोंडा इथे येतो.

कोंड्याचा मांडा करणारी सुगरण असते असं आपण म्हणतो. ती म्हण कुणी जोडली देव जाणे, पण मोठ्या आतड्यात शब्दशः तेच चालतं. माणसाकडे पिष्ट आणि प्रथिनं तोडायची पाचकद्रव्यं आहेत, कोंडा तोडायची जवळजवळ नाहीत. ती जीवाणूंकडे आहेत. आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, जवळपास सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळे मिळून भरतात जेमतेम पावशेर. (जीवाणू आपल्या पेशींच्या दसपट असतात हे वाक्य अजून फिरतं, २०१६ मध्ये नव्यानं मोजदाद झाली तेव्हा जवळजवळ बरोबरी निघाली.) हे पावशेरभर जीव कोंडा, सालं, डाळींची टरफलं आणि भाज्यांचे दोरे आंबवून त्यातून छोटी आम्लं बनवतात. त्यातलं ब्यूटिरेट हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे. त्या पेशी आपली सत्तरेक टक्के ऊर्जा त्यातून घेतात. बाकीची आम्लं रक्तातून यकृताकडे जातात. हीच आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सोडायला लावतात, जे मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. हो, सध्या वजनाच्या ज्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. पण भाकरी खाऊन इंजेक्शनाइतका परिणाम होईल असं समजू नका. अंगात तयार होणारं हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरतं, इंजेक्शनचं औषध आठवडाभर टिकतं.

आणि कोंडा मिळाला नाही तर? काही जीवाणू उपाशी मरतात, काही आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात. उंदरांत हे स्पष्ट दिसलं आहे. तो थर पातळ झाला की जिथे जाऊ नये तिथे जंतू पोचतात आणि बारीक बारीक दाह सुरू राहतो. आणखी एक प्रयोग माणसांवरचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेतले खेडूत यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकन मंडळींचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला. एवढ्यात त्यांच्या आतड्यातला दाह उतरला आणि ब्यूटिरेट वाढलं. आफ्रिकेच्या मंडळींचं बरोब्बर उलट झालं. दोन आठवडे फक्त!

तुमच्या यादीचा ढोबळ हिशेब केला तर चोथा येतो दिवसाला १५-१६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला किमान २५ सांगते. तुम्ही सांगलीकडच्या, शाळूच्या मुलखातल्या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ देखील नाही. गव्हातही ज्वारीइतकाच असतो, पण तुमचा म्हैस खाते. तिचे जीवाणू खूश असतील.

आता जाऊबाई. तुम्ही एकाच चुलीवरचं खाता, पण एकच खात नाही. ती सकाळी भाकरी आणि ताक, तुम्ही बिस्किट आणि पोहे. ती दिवसभर रानात वाकते, उठते, चालते. शिवाय ती काडीसारखी आहे म्हणून ठणठणीत आहे असंही धरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आतून लोणी साठवतो. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप बोलका. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा, पुरुषाचा ९० च्या. घरात सगळ्यांचा मोजा, तिचाही.

तपासणीचे चौदा हजार वाचवा. एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांतून वेगळे अहवाल येऊ शकतात, आणि 'निरोगी आतडं' म्हणजे कुठले जीवाणू किती, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. अहवालात फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडिटीस या दोन गटांचं गुणोत्तर ठळकपणे छापतात आणि ते लठ्ठपणाशी जोडतात. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो संबंध फारसा उभा राहिला नाही. त्यातून तुलना कुणाशी करतात हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांना भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जीवाणूंचं प्राबल्य दिसलं, पाश्चात्त्य आतड्यांपेक्षा वेगळं. धान्य-डाळी खाणाऱ्या पोटात ते असायचेच. परदेशी मापानं मोजलं तर आपलं चांगलं पोटही 'बिघडलेलं' निघेल. तुम्हाला तपासण्या करायच्याच असतील तर थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करा. सहा वर्षांत तेरा किलो वाढलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं या चार आधी करायच्या. डॉक्टरांना अहवाल दाखवताना पाळी कशी येते आणि घोरता का, हेही सांगा.

दह्याचं वेड मात्र जुनं आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्गेरियातल्या दही खाणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवलं, आणि युरोपभर लोक आंबट दूध प्यायला लागले. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. (याच मेचनिकॉफांचे ओडेसातले विद्यार्थी म्हणजे आपल्या परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन. प्लेगची लस त्यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली.) दह्यातले जीवाणू आतड्यात घर करत नाहीत, वाटसरूसारखे येतात आणि जातात. तरी त्यांचा उपयोग आहे. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ जणांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीनं दहा आठवडे दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या असं खाल्लं. तिच्यात जीवाणूंची विविधता वाढली आणि दाहाची एकोणीस प्रथिनं रक्तात घटली. दुसरीनं चोथा वाढवला. तिच्यात विविधता वाढली नाही, बहुधा दहा आठवडे त्याला अपुरे पडले. वजन कुणाचंच खास उतरलं नाही.

तर घरचं विरजण पुरे. विकतच्या प्रोबायोटिक दह्याला गोडी असेल तर त्यात साखर आहे. इडली-ढोकळा आंबवलेला असला तरी वाफेत जीवाणू मरतात. चव आणि पचनाचा फायदा राहतो, जिवंत पाहुणे नाहीत. तेलमिठातल्या कैरीच्या लोणच्यावर या बाबतीत विसंबू नका. आंबील करायची तर ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून शिजवा, गार झाल्यावर वरून पुन्हा ताजं ताक घाला. तुमच्या भागात जत्रेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो, तोच आठवड्यातून दोनदा घरात करायला हरकत नाही. घुगऱ्यांसकट.

कॅप्सूलबद्दल मी थोडी कडवट आहे. पोट फुगतं ते अँटिबायोटिकनंतर, म्हणून कॅप्सूल घ्यावी हे वरवर पटतं. इस्रायलमध्ये २०१८ मध्ये तपासलं तर निघालं उलटंच: अँटिबायोटिकनंतर बाजारी जीवाणूंची कॅप्सूल घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जीवाणू परतायला जास्त वेळ लागला. काहीच न घेणाऱ्यांचे लवकर परतले. काही आजारांत डॉक्टर ठरावीक जीवाणू लिहून देतात ते वेगळं. वजनासाठी त्यांवर पैसे घालू नका. आणि पुढच्या हिवाळ्यात साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. बहुतेक सर्दी विषाणूंची असते, त्यांना हे औषध लागूच पडत नाही. डॉक्टरांनी विचार करून दिलं तर मात्र सांगितलेले सगळे दिवस घ्या.

फुगण्याचं दुसरं कारण तुमच्या वाट्याला लवकरच येणार आहे, म्हणून आधीच सांगते. उद्यापासून चाळणी फेकून मटकी, हरभरा आणि दोन भाकऱ्या एकदम सुरू केल्यात तर आठवड्यात मला शिव्या द्याल. मी स्वतः एका उत्साहाच्या भरात हे केलं होतं आणि चार दिवस ओपीडीत पेशंटपासून हातभर लांब बसले होते. जीवाणूंची वस्ती बदलायला वेळ द्यावा लागतो. पहिला आठवडा फक्त चाळणी बंद. पोळी थोडी जाड होईल, पीठ अर्धा तास जास्त भिजू द्या, घरच्यांना कळणारही नाही. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी. मग सकाळच्या बिस्किटांऐवजी जावेच्या टोपल्यातली शिळी भाकरी आणि ताक. ती देईल. तिच्याकडून मागून घेण्यात कमीपणा वाटत असेल तर तुमच्या घराची भानगड जीवाणूंच्या पलीकडची आहे, ती मी सोडवू शकत नाही. मग आठवड्यातून तीनदा मोडाची उसळ. कडधान्य भिजवलेलं पाणी टाकून द्या, मोड आणा, गॅस बराच कमी होतो. चारच्या चहाला पेरू किंवा मूठभर फुटाणे. जेवणात चमचाभर जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. बटाटा-फ्लॉवर ठेवा, पण गवार, शेवगा, मेथी, घेवडा यांनाही पाळी द्या. जीवाणूंच्या प्रत्येक जातीचं खाद्य वेगळं. चोथा वाढला की पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ होईल.

एवढं सावकाश करूनही फुगणं गेलं नाही तर महिनाभर कांदा, लसूण आणि हरभरा कमी करून बघा, आणि चोथ्यासाठी इसबगोल चालेल. इसबगोल जीवाणूंकडून फारसं आंबवलं जात नाही म्हणून गॅस कमी होतो. ब्राउन ब्रेड सोडा, त्यात रंग जास्त आणि कोंडा कमी असण्याची शक्यता दांडगी. भात सोडायची गरज नाही. गार करून पुन्हा गरम केलेल्या भातातलं थोडं पिष्ट न पचता जीवाणूंपर्यंत पोचतं, म्हणून फोडणीच्या भाताला माझा आशीर्वाद आहे. पण रात्रीचा भात ओट्यावर उघडा ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

शौचात रक्त, न करता वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन सतत उतरणं, यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

वजनाचं म्हणाल तर बिस्किटं गेली आणि रोज अर्धा-पाऊण तास चालणं झालं तर तीन महिन्यांत दोन-तीन किलो उतरावेत. रानात जावेबरोबर गेलात तर वेगळं चालायलाही नको. पोट साफ होणं, दुपारची सुस्ती आणि चारची भूक यांत फरक त्याआधीच जाणवेल. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. काट्याचा आकडा नाही लिहिलात तरी चालेल, कमरेचा घेर लिहा. आणि म्हशीला कोंड्याऐवजी काय घालायला लागलात तेही.